लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी: हॉबी इलेक्ट्रॉनिक्ससाठी मल्टिमीटर कसा निवडायचा

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी जायचं ते लॅमिंग्टन रोडला. तिथल्या दुकानात नुसतं 'मल्टिमीटर दाखवा' म्हटलं की काउंटरवर पहिला येतो तो डीटी-८३० जातीचा स्वस्त मीटर. दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातल्या मुलांच्या बॅगेत बहुधा तोच असतो. वरच्या फळीवर काही हजारांचा, फ्लूक कंपनीचा मीटर असतो. या दोन टोकांच्या मध्ये आपल्यासाठी काय, हे डब्यावरच्या यादीवरून कळत नाही, कारण ती यादी माल खपवायला छापलेली असते. ट्रान्झिस्टरचा गेन, तापमान, एनसीव्ही (वायरीला न टेकता वीज ओळखणं), टॉर्च यांसाठी पैसे मोजून झाल्यावर लक्षात येतं की बझर अर्धा सेकंद उशिरा वाजतोय.

आमच्या मते नवशिक्याने पैसे चार गोष्टींसाठी मोजावेत: टेकवताक्षणी वाजणारा कंटिन्युइटी बझर (दोन बिंदू जोडलेले आहेत का हे वाजून सांगणारा), १० मेगाओहम इनपुट, करंटच्या दोन्ही जॅकना (मिलिअँपिअरचा आणि १० अँपिअरचा) फ्यूज आणि धड वायरी. उरलेल्या गोष्टी असल्या तर चांगलं, नसल्या तर अडत नाही.

पहिली पायरी: टेबलावर काय मोजणार ते ठरवा

हॉबीवाल्यांची कामं ढोबळमानाने तीन प्रकारची. पहिला प्रकार ब्रेडबोर्डचा, म्हणजे सोल्डर न करता सुटे भाग खोचून जोडायच्या पाटीचा: अर्डुइनो आणि ईएसपी३२ सारखे प्रोग्रॅम करायचे छोटे बोर्ड, सेन्सर, रिले. इथे ३.३ आणि ५ व्होल्ट डीसी, फार तर १२. दुसरा प्रकार मखराची रोषणाई, आकाशकंदील, एलईडी पट्ट्या, छोट्या मोटर. व्होल्टेज इथेही १२ किंवा २४ च, पण करंट काही अँपिअरपर्यंत जातो. तिसरा प्रकार घरातल्या २३० व्होल्टचा: पंखा, मिक्सर, टीव्हीचा पॉवर सप्लाय, स्विचबोर्ड.

पहिल्या दोन प्रकारांना आठशे ते दोन हजारांच्या आसपासचा नीट निवडलेला मीटर पुरतो. तिसऱ्याचे नियम वेगळे आहेत, त्यावर पुढे सविस्तर. आज फक्त ब्रेडबोर्ड करणार असाल आणि 'पुढेमागे घरातलंही बघू' असा विचार असेल, तर मीटर आजच तिसऱ्या प्रकारच्या हिशोबाने घ्या. हातात मीटर असला की माणूस सॉकेटमध्ये प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरीचं टोकदार टोक, घालून बघतोच.

काउंट आणि अचूकता

'२००० काउंट' म्हणजे डिस्प्ले १९९९ पर्यंत आकडे दाखवतो. अशा मीटरवर ५ व्होल्ट मोजायला २० व्होल्टची रेंज लावावी लागते आणि ५.०० असं दिसतं. ६००० काउंटच्या मीटरवर तेच ५.०००. दशांशानंतरचा एक आकडा जास्त मिळाला, पण तो खरा आहे की नाही हे अचूकतेचा आकडा सांगतो.

मॅन्युअलमध्ये अचूकता ±(०.५% + २) अशी लिहिलेली असते. त्यातला २ हा शेवटच्या आकड्यातला फरक. लिथियम सेल ४.२० व्होल्टवर पूर्ण चार्ज झाला का, हे २००० काउंटच्या मीटरवर बघायचं तर ०.५ टक्के म्हणजे ०.०२१ आणि वर ०.०२, एकूण ०.०४१ व्होल्टची मोकळीक. सेल ४.१६ वरही असू शकतो आणि ४.२४ वरही. ६००० काउंटच्या, ±(०.५% + ३) अचूकतेच्या मीटरवर हीच मोकळीक ०.०२४ वर येते. म्हणजे काउंट वाढले की फायदा होतो, पण टक्केवारी तीच राहिली तर तो एका मर्यादेपर्यंतच. २०,००० काउंट आणि अचूकता मात्र १ टक्का, असा मीटर समोर आला तर शेवटचे आकडे निव्वळ शोभेचे समजा. हॉबीसाठी ४००० ते ६००० काउंट आणि डीसी व्होल्टला ०.५ टक्के हे भरपूर झालं.

इनपुट रेझिस्टन्स

याचा उल्लेख डब्यावर सहसा नसतो, मॅन्युअलमध्ये शोधावा लागतो. व्होल्टेज मोजताना मीटर स्वतः सर्किटला समांतर जोडलेला एक रेझिस्टर असतो. चांगल्या मीटरचा तो १० मेगाओहम असतो, डीटी-८३० जातीत बहुधा १ मेगाओहमच.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग: १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा, टोकांना १० व्होल्ट द्या आणि मधल्या बिंदूवर मोजा. हिशोबाने ५ व्होल्ट यायला हवेत. १० मेगाओहमचा मीटर ४.७६ दाखवेल. १ मेगाओहमचा ३.३३ दाखवेल, कारण खालच्या रेझिस्टरला त्याने आणखी तेवढाच रेझिस्टर समांतर लावला. सेन्सर, ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) किंवा बॅटरी मोजायचा मोठ्या रेझिस्टरांचा डिव्हायडर (वरच्यासारखी व्होल्टेज विभागणारी जोडी) असला की नवशिका आपलं सर्किट चुकलं समजून सोल्डर उचकटत बसतो, आणि चूक मीटरची असते.

उलट बाजूही सांगायला हवी. १० मेगाओहमचा मीटर घरातल्या वायरिंगवर भुताटकी दाखवतो: स्विच बंद केलेल्या, मोकळ्या वायरवर ५०-६० व्होल्ट एसी दिसतात. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीतून कपॅसिटन्समुळे आलेलं ते व्होल्टेज असतं, लोड लावताच गायब होतं. पण आकडा कमी आहे म्हणून वायर मेलेली आहे असं धरून हात लावायचा नाही. आधी मेन स्विच खाली.

करंट: इथेच बहुतेक फ्यूज उडतात

व्होल्टेज समांतर मोजतात, करंट सर्किट तोडून मध्ये मीटर घालून. करंटच्या जॅकमागे अगदी लहान रेझिस्टर असतो, त्याला शंट म्हणतात, त्यावर पडणारं व्होल्टेज मीटर मोजतो. स्वस्त मीटरच्या २०० मिलिअँपिअर रेंजला हा रेझिस्टर साधारण १ ओहमचा. फ्यूज आणि वायरी धरून दीड ओहमपर्यंत जातो.

याचा त्रास कुठे होतो बघा. ईएसपी३२ वायफाय सुरू करतो तेव्हा क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या आसपास ओढू शकतो. दीड ओहमवर ०.४५ व्होल्ट पडले की ३.३ चे २.८५ उरतात. चिपसाठी किमान ३.० हवेत असं सांगतात, त्याखाली ती रीसेट होऊ शकते, पुन्हा उठते, पुन्हा रीसेट होते. कोडमध्ये दोष शोधून उपयोग नाही. अशा वेळी लाल वायर १० अँपिअरच्या जॅकमध्ये घाला. तिथला शंट ०.०१ ओहमच्या आसपास असतो, व्होल्टेज पडत नाही. फक्त २००० काउंटच्या मीटरवर रीडिंग १० मिलिअँपिअरच्या पायरीने दिसतं, हे गृहीत धरा.

बॅटरीवर चालणारी प्रोजेक्ट करणार असाल तर मायक्रोअँपिअरची वेगळी रेंज असलेला मीटर घ्या. ईएसपी३२ ची चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेच्या अवस्थेत, १० मायक्रोअँपिअरच्या घरात जाते, पण तयार डेव्हलपमेंट बोर्डवरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि तो लाल एलईडी मिळून त्याच्या कितीतरी पट खातात. मायक्रोअँपिअर रेंज नसेल तर हा फरक दिसणारच नाही. त्या रेंजवर असताना बोर्ड जागा होऊ देऊ नका, तिथला शंट शंभर ओहम किंवा जास्तीचा असतो आणि बोर्ड लगेच कोसळतो. मोजणी सुरू होईपर्यंत मीटरचे दोन्ही प्रोब वायरच्या तुकड्याने जोडून ठेवा, बोर्ड झोपला की तुकडा काढा.

आता मोठा करंट. एक मीटर लांबीत ६० एलईडी असलेली ५०५० जातीची १२ व्होल्टची पट्टी पूर्ण पेटल्यावर दर मीटर लांबीमागे साधारण १४.४ वॉट घेते, म्हणजे ५ मीटरच्या गुंडाळीला ६ अँपिअर. स्वस्त मल्टिमीटरच्या १० अँपिअर जॅकजवळ बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' आणि 'कमाल १० सेकंद' असं छापलेलं असतं, ते वाचा. त्याच्या केसासारख्या वायरी दोन्ही मिळून ०.२ ओहमच्या धरल्या तरी ६ अँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच जातात: पट्टी मंद होते आणि करंट खऱ्याहून कमी दिसतो. रोषणाईच्या कामात करंट मोजण्यापेक्षा पट्टीच्या दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजणं जास्त उपयोगी. सुरुवातीला १२ आणि शेवटाला १०.५ दिसलं तर दुसऱ्या टोकालाही सप्लाय द्या.

नियम एकच पाठ करा: करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या जॅकमध्ये परत. वायर करंटच्या जॅकमध्ये विसरून बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलं की शंटमधून सरळ शॉर्ट बसतो. काही मीटर अशा वेळी ओरडतात, ती सोय पैसे देण्याजोगी आहे.

२३० व्होल्टला हात घालणार असाल तर

वरची चूक ९ व्होल्टच्या बॅटरीवर झाली तर फारसं बिघडत नाही. सॉकेटवर झाली आणि जॅकला फ्यूज नसला तर प्रोबचं टोक वितळून उडतं, ठिणगी तोंडासमोर. एमसीबी पडेल, पण त्याआधी जे व्हायचं ते होऊन जातं.

मीटरवर कॅट-२, कॅट-३ असे शब्द रोमन आकड्यांत छापलेले असतात. हे आयईसी ६१०१० या सुरक्षा मानकातले वर्ग. कॅट-२ म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं, कॅट-३ म्हणजे इमारतीतलं पक्कं वायरिंग आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड, कॅट-४ म्हणजे वीज कंपनीचा मीटर आणि त्याच्या अलीकडची केबल. जितकं वर जाल तितका शॉर्टचा करंट आणि व्होल्टेजची उसळी मोठी. आपला सप्लाय २३० व्होल्ट, त्याचं शिखर ३२५. घरातल्या कामाला कॅट-३, ६०० व्होल्टचा मीटर घ्यावा.

मात्र छापलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. तीनशे रुपयांच्या मीटरवर 'कॅट-३ १००० व्होल्ट' छापायला खर्च येत नाही. तीन खुणा बघा. एक, यूएल, सीएसए किंवा टीयूव्ही अशा त्रयस्थ तपासणीची खूण. नुसतं 'सीई' हे उत्पादकाने स्वतःच केलेलं विधान असतं. दोन, फ्यूज. काचेचा २० मिलिमीटर लांबीचा, २५० व्होल्टचा फ्यूज शॉर्टमध्ये फुटू शकतो आणि आत ठिणगी चालूच राहते. हवा तो सिरॅमिकचा, वाळू भरलेला एचआरसी (मोठा शॉर्ट करंटही सुखरूप तोडणारा) फ्यूज, ६०० किंवा १००० व्होल्टचा. आतली वाळू ठिणगी विझवते. तीन, वायरीचे प्लग पूर्ण आवरण असलेले आणि प्रोबवरही तोच वर्ग छापलेला. मीटर कॅट-३ आणि वायरी कशाही, असं चालत नाही.

टीव्ही किंवा चार्जरचा पॉवर सप्लाय उघडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही सव्वातीनशे व्होल्ट डीसी धरून बसू शकतो. सुरुवातीचं वर्ष तरी त्या बाजूला जाऊ नका.

बाकीच्या सोयी, पटकन

ऑटो रेंज, म्हणजे मीटरने स्वतः रेंज निवडणं, नवशिक्याला सोयीची, फक्त ती रेंज शोधण्यात फार वेळ घेत नाही ना हे बघा. आणि 'रेंज' बटणाने ती थांबवता यायला हवी. ट्रू आरएमएस, म्हणजे लहर कशीही असली तरी एसीचं खरं मूल्य दाखवणारा मीटर, पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, साध्या इन्व्हर्टरसाठी लागतो, कारण तिथली लहर साइनची नसते. डीसीवर काम करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. अर्डुइनोच्या पीडब्ल्यूएम पिनवर (जिथे ५ व्होल्ट भराभर चालू-बंद होतात) डीसी रेंज लावली की सरासरी दिसते: अर्धा वेळ चालू असेल तर साधारण २.५ व्होल्ट. तेवढं बस आहे.

कपॅसिटन्स मोजता आला तर चांगलं, पण कपॅसिटर बोर्डवरून काढून आणि डिस्चार्ज करूनच मोजा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ±२० टक्क्यांचे असतात, तेव्हा १०० मायक्रोफॅरडच्या जागी ८८ दिसलं म्हणून फेकू नका. ट्रान्झिस्टरचा गेन मोजायचं ते गोल सॉकेट आम्हाला कधी गरजेचं वाटलं नाही.

डायोड रेंज बघून घ्या. सिलिकॉन डायोड ०.६ ते ०.७ दाखवतो, शॉट्की ०.२ ते ०.३, लाल एलईडी १.८ च्या आसपास. पांढऱ्या आणि निळ्या एलईडीला तीनच्या आसपास व्होल्ट लागतात, त्यामुळे डायोड रेंजवर कमी व्होल्टेज देणारा मीटर चांगल्या एलईडीलाही 'ओपन' म्हणतो.

दुकानात काय तपासायचं

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून चालत गेलात की लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. खिशात एवढं सामान ठेवा: नवी ९ व्होल्टची बॅटरी, १ टक्क्याचे १ किलोओहम आणि १० किलोओहम रेझिस्टर, एक १एन४००७ डायोड, एक पांढरा एलईडी. चाळीस-पन्नास रुपयांचं काम.

१. नॉब सगळ्या रेंजवरून दोनदा फिरवा. मध्येच डिस्प्ले चमकला किंवा विझला तर दुसरा नग मागा.

२. २०० ओहमवर प्रोब एकमेकांना टेकवा. ०.१ ते ०.५ च्या मध्ये स्थिर आकडा हवा. तसंच धरून वायरी प्लगजवळ आणि मुठीजवळ हलवा. आकडा उड्या मारत असेल तर वायर आतून तुटकी आहे.

३. बझर लावून एका प्रोबचं टोक दुसऱ्यावर भराभर घासा. प्रत्येक स्पर्शाला ताबडतोब, न खरखरता वाजला पाहिजे. सोल्डरिंगनंतर शॉर्ट शोधताना तुम्ही डोळे बोर्डवर ठेवून कानानेच काम करता, त्यामुळे या चाचणीत नापास झालेला मीटर कितीही स्वस्त असला तरी सोडा.

४. १० किलोओहम मोजा. रेझिस्टरचा १ टक्का आणि मीटरचा ०.८ टक्का धरला तर ९.८२ ते १०.१८ पर्यंत ठीक. टोकं दोन्ही हातांच्या बोटांनी धरू नका. मोठ्या रेझिस्टरला तर मुळीच नको, मुंबईच्या घामट हातांचा रेझिस्टन्सच त्यात मिसळतो.

५. बॅटरी आणि १ किलोओहम सिरीजमध्ये जोडून करंट मोजा. ९ व्होल्टला ९ मिलिअँपिअर यायला हवेत. शून्य आलं तर फ्यूज उडालेला आहे, म्हणजे हा नग आधी कोणाला तरी दाखवून झालाय.

६. डायोड आणि पांढरा एलईडी लावून बघा.

७. त्याच बॅटरीचं व्होल्टेज दुकानातल्या एखाद्या महाग मीटरशी ताडून बघा. दुकानदार चांगला असेल तर नाही म्हणत नाही.

पक्कं जीएसटी बिल घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते. नावांचं म्हणाल तर युनि-टी, मास्टेक, फ्लूक सगळीकडे दिसतात. आपल्याकडच्यांत नाशिकच्या मोटवाने आणि ऋषभ, नवी मुंबईची मेको यांचे मीटर बघण्यासारखे आहेत, दुरुस्ती जवळ होते हा फायदा. नावावर जाऊनही फसायला होतं: फ्लूक १०१ सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम, कॅट-३ ६०० व्होल्टचा, पण त्यात करंट मोजायची सोयच नाही. इलेक्ट्रिशियनला तो चालतो, ईएसपी३२ वाल्याला अडतो.

बजेट दोन-अडीच हजार असेल तर एक चांगला मीटर आणि जोडीला तो डीटी-८३० घ्या. सप्लायचं व्होल्टेज एकावर आणि करंट दुसऱ्यावर एकाच वेळी दिसू लागला की अर्ध्या शंका तिथेच मिटतात. स्वस्त मीटर मात्र १२-२४ व्होल्टपुरता. त्यावर मार्करने 'मेन्स नको' लिहून ठेवा, घरातलं कोणीतरी उचलतंच.

घरी आणल्यावर

त्याच दिवशी जॅकवर छापलेल्याच फ्यूजचे दोन-दोन सुटे नग आणून ठेवा, करंटइतकंच व्होल्टेजही तेच हवं. फ्यूज मिळेना म्हणून चांदीचा कागद किंवा वायरीची तार लावायची नाही. मिलिअँपिअरचा जॅक वेगळा असेल तर मीटर न उघडता फ्यूज तपासता येतो: ओहम रेंज लावा, लाल प्लग व्होल्ट-ओहमच्या जॅकमध्येच ठेवा आणि त्याचं टोक मिलिअँपिअरच्या जॅकमध्ये टेकवा. काही ओहम दिसले तर फ्यूज शाबूत, ओव्हरलोडची खूण आली तर उडालाय.

रेझिस्टन्स आणि कंटिन्युइटी कायम सप्लाय काढूनच. बोर्डवरचा रेझिस्टर त्याच्या किमतीपेक्षा कमी दिसला तर आधी एक पाय सोडवा, समांतर वाटेने करंट जात असतो.

बॅटरीची खूण डिस्प्लेवर आली की लगेच बदला. ९ व्होल्टच्या स्वस्त मीटरमध्ये बॅटरी उतरली की आतला रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून मीटर मोजतो ते व्होल्टेज) खाली येतो आणि सगळी व्होल्टेज जास्त दिसायला लागतात. ५ व्होल्टचा अडॅप्टर ५.६ दाखवू लागला, तर अडॅप्टर फेकण्याआधी मीटरची बॅटरी बदलून बघा.

पावसाळ्यात मीटर झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. जून ते सप्टेंबर दमट हवेत नॉबच्या खालचे संपर्क काळवंडतात आणि रेंज बदलली की आकडे तरंगतात. मागचं झाकण उघडून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तो भाग पुसला, पूर्ण वाळू दिला की बहुधा ठीक होतं. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. साधे झिंक-कार्बन सेल पाझरतात आणि स्प्रिंगपासून पीसीबीच्या ट्रॅकपर्यंत सगळं खातात.